नेहमीच्या बाईकडून घेतलेली भाजी

तिला मी मावशी म्हणायचे. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे हे मला तिच्या आधार कार्डावरून कळलं. एकदा बाजारात तिनं कुठलासा फॉर्म भरून द्यायला माझ्यापुढं धरला होता, तेव्हा जन्मतारीख बघितली. कळल्यावरही मी मावशीच म्हणत राहिले. भाजी विकणारी बाई म्हणजे मावशी, अशी जिभेला सवय लागलेली असते.

मी गेवराईत एका शाळेत विज्ञान शिकवते. ही बाई तलवाड्याकडच्या एका वस्तीवरून आठवडी बाजाराला यायची. काळीपिवळी जीपमधून दोन टोपल्या घेऊन उतरायची आणि कांद्यावाल्याच्या ताडपत्रीशेजारी पोतं अंथरून बसायची. बाकीच्या बायकांकडं मेथी, पालक, शेपू असायचं. हिच्याकडं पावसाळ्यात तरोटा, कुर्डू, घोळ, पाथरी अशा रानातल्या भाज्या असायच्या. आणि खापरखुटी. पुस्तकात जिला पुनर्नवा म्हणतात ती. सुजेवर, मूत्रविकारावर वैद्य लोक तिचं मूळ वापरतात, हे मी बीएस्सीला पाठ केलं होतं. तिची भाजी करतात हे मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ती उगवलेली ओळखताही येत नव्हती.

लग्नानंतर बारा वर्षं ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. परक्या मुलखात फडाच्या बांधावर काय उगवतं ते ओळखता आलं नाही तर कोरड्या भाकरीवर दिवस काढावा लागतो, असं ती सांगायची. मी तिच्यासमोर उकिडवी बसून वहीत लिहून घ्यायचे. कोणती भाजी उकळून पाणी टाकायचं, कोणती तशीच परतायची, कोणती बाळंतिणीला चालते, कोणती चालत नाही. गिऱ्हाईक आलं की ती मधेच थांबायची, जुडी द्यायची आणि पुन्हा जिथं सोडलं तिथून पुढं सांगायची. कधी कंटाळली नाही. एकदा हसून म्हणाली, "म्या सांगते अन् तुमी लिवता. माज्या लेकी तर ऐकत बी न्हाईत."

त्या वहीच्या जोरावर मी गेवराईत रानभाजीवाल्या मॅडम झाले. आधी शाळेच्या प्रदर्शनात तक्ते लावले. मग तालुक्याच्या रानभाजी महोत्सवात मला बोलायला बोलावलं. टेबलावर मांडलेल्या सगळ्या भाज्या तिच्याकडूनच घेतलेल्या होत्या. ती स्वतः सकाळी त्या पोचवायला आली आणि कार्यक्रम सुरू झाला म्हणून मंडपात मागं उभी राहिली. मी अर्धा तास बोलले. पाहुण्यांनी माझ्या अभ्यासाचं कौतुक केलं, शाल दिली. तक्त्यांवर खाली माझं नाव होतं. ती मागं उभी आहे हे मला दिसत होतं. तिला पुढं बोलावून "हिनं मला हे शिकवलं" एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? कार्यक्रम संपल्यावर ती रिकाम्या टोपल्या घ्यायला आली आणि म्हणाली, "बरं बोलल्या."

एवढंच घडलं असतं तर मी ते विसरूनही गेले असते.

आमच्या गल्लीत माझ्या घरासमोर एक खाला राहतात. त्यांच्या घरचा पिढीजात फळांचा धंदा होता, आता मुलाचं गॅरेज आहे. मी या गल्लीत राहायला आले तेव्हा पहिला पाण्याचा हंडा खालाच्या घरातून आला होता. त्या वर्षी पावसाळ्यात खालाचे पाय सुजायला लागले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, मीठ कमी करायला सांगितलं होतं. खाला पायरीवर बसून घोट्याजवळ बोट दाबायच्या आणि पडलेला खळगा मला दाखवायच्या.

"देखो बेटी, कैसा आटा मळल्यासारखा झालाय."

मी म्हटलं, "खाला, खापरखुटीची भाजी खाऊन बघा. सुजेवरच असते ती."

डॉक्टरांना विचारा, असं मी म्हटलं नाही. बाजारातून दोन जुड्या आणून दिल्या, कृतीही सांगितली: उकळून पिळून घ्यायची, भिजवलेली मुगाची डाळ घालून लसणावर परतायची. सुनेनं तशी केली. चार दिवसांनी खाला म्हणाल्या की पाय हलके वाटतात. गोळ्यांनी झाले असतील, भाजीनं झाले असतील किंवा नुसतं वाटलं असेल. पण सुनेनं गल्लीभर सांगितलं आणि शेजारच्या बायका मला दारात थांबवून गुडघेदुखीवर काय, केस गळण्यावर काय, असं विचारायला लागल्या. मला ते आवडत होतं.

पुढच्या बाजाराला मी पिशवी घेऊन गेले तर मावशीची जागा रिकामी. कांद्यावाल्यानं तिथं आपली पोती सरकवून ठेवली होती. मी थोडा वेळ थांबले, मग परत निघाले. घरी जाऊन "आज मिळाली नाही" म्हणायचं होतं, एवढंच. पण खालाची सून सकाळीच म्हणाली होती, "मॅडम, आज नक्की आणा हं, अम्मी वाट बघायल्यात." आणि तिच्याबरोबर आणखी दोघीजणी उभ्या होत्या.

हायवेच्या अलीकडं नवीन प्लॉटिंग पडलंय. दगड रोवलेत, घरं नाहीत. तिथं पावसानं रान माजलं होतं. मी स्कूटी लावून आत गेले. जमिनीवर पसरलेली, लालसर दांड्यांची, समोरासमोर एक पान मोठं एक लहान असलेली वेल मला दिसली. हीच ती, असं मी ठरवलं. तोडताना पान बोटांत जरा जास्तच जाड लागलं, कचकन मोडलं. मी स्वतःशी म्हटलं, इथं पाणी साचतं, म्हणून पानं रसाळ झाली असतील. तोडून पिशवी भरली. घरी येऊन दोऱ्यानं नीट जुड्या बांधल्या, अगदी बाजारातल्या वाटाव्यात अशा.

तीन जुड्या झाल्या होत्या. तिन्ही मी खालाच्या घरी दिल्या. माझ्या घरात त्यातलं एक पानही शिजवलं नाही. तेव्हा मला कोणी कारण विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की खालांना जास्त गरज होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तेव्हा खालाच्या दारात रिक्षा उभी होती. सून आणि मुलगा खालांना धरून आणत होते. सकाळपासून उलट्या आणि जुलाब चालले होते. खालांची मान एका बाजूला कलली होती. माझ्याकडं बघून त्यांनी हात थोडा वर केला, नेहमी करतात तसा. रिक्षा गेली. मी दारात किल्ली हातात धरून उभी राहिले.

संध्याकाळी मुलगा घरून चादरी न्यायला आला आणि सरळ माझ्याकडं आला. पस्तिशीचा माणूस, हाताला ऑइलचे डाग तसेच होते.

"मॅडम, डॉक्टर विचारायलेत की भाजी कोणती होती. घरात दुसरं काहीच वेगळं झालं नव्हतं. तुमी जरा बोलता का?" त्यानं फोन लावून माझ्या हातात दिला.

मी डॉक्टरांना सांगितलं, पुनर्नवा. शास्त्रीय नावही सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "पुनर्नवानं असं सहसा होत नाही. तुमची खात्री आहे ना? का दुसरं काही मिसळलं होतं?"

मुलगा माझ्याकडं बघत होता.

"मिसळलं असेल," मी म्हटलं. "बाजारातून घेतली होती. नेहमीच्या बाईकडून. तिच्याकडून चूक झाली असेल."

शेवटचं वाक्य कोणी मागितलं नव्हतं. ते मी आपणहून दिलं.

तो गेल्यावर मी जुड्या बांधताना राहिलेल्या काड्या कचऱ्याच्या डब्यातून काढल्या आणि पुस्तक उघडलं. खापरखुटीची फुलं पानांपासून वेगळ्या, बारीक फाटे फुटलेल्या दांडीवर येतात. माझ्या हातातल्या काडीवर फूल पानाच्या बेचक्यातच बसलेलं होतं, एकटं, अर्धं झाकलेलं. पुस्तकात दोन्हींची चित्रं शेजारीशेजारी होती, आणि खाली लिहिलं होतं की या दोन वनस्पतींत नेहमी गोंधळ होतो. हे वाक्य मी कॉलेजात अधोरेखित केलेलं होतं. त्याच क्षणी फोन करता आला असता. मी काड्या पुन्हा डब्यात टाकल्या आणि डबा बाहेर नेऊन रिकामा केला.

खाला दोन दिवस सलाइनवर होत्या. मी भेटायला गेले, शहाळं नेलं. डॉक्टरांनी उपचार तसेही तेच केले असते, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते खरंही असेल. पण डॉक्टरांना खोटं सांगताना मला ते माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी खाला घरी आल्या. अशक्त झाल्या होत्या, पण बोलत होत्या.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी घरीच थांबायचं ठरवलं होतं. मग वाटलं, मावशी आली असेल तर तिला आधी गाठून काहीतरी सांगावं. काय सांगणार होते ते माझं मलाच माहीत नव्हतं. मी केळीच्या गाड्यापर्यंत पोचले तेव्हा खालाचा मुलगा तिच्यासमोर उभा होता. मी गाड्याच्या आडोशाला थांबले. तिथून सगळं ऐकू येत होतं.

"तुमच्या भाजीनं माझी आई दवाखान्यात पडली," तो म्हणत होता. शिवीगाळ नाही, पण आवाज चढलेला.

"कोन्त्या बाजाराला घेतलती?" तिनं विचारलं.

"गेल्या."

"गेल्या बाजाराला म्या आलेच न्हवते. लेकीच्या बाळतपणाला गेलते. ह्या कांद्यावाल्याला इचारा."

कांद्यावाला वजन करत होता. त्यानं मान वर करून "मला काय ध्यानात न्हाई बुवा" म्हटलं आणि पुन्हा तराजूकडं वळला.

"मग मॅडम खोटं बोलल्या व्हय?" खालाचा मुलगा म्हणाला. "शाळेतल्या मॅडम हायत त्या. त्यांनीच सांगितलं डॉक्टरला, माझ्यासमोर."

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाली, "मॅडम म्हनल्या?"

"हौ."

आजूबाजूला पंधरावीस माणसं जमली होती. कोणीतरी म्हणालं, असल्या बायकांना बसूच देऊ नये. कोणीतरी म्हणालं, रानातलं काहीबी उपटून आणतात. खालाचा मुलगा म्हणाला, "उचला हे." तिनं जुड्या एकेक करून टोपलीत ठेवल्या, पोतं झटकलं, घडी घातली. पहिली टोपली स्वतःच डोक्यावर घेतली, दुसरी कमरेवर. तिला ती उचलून द्यायला कोणी पुढं झालं नाही. मी केळीच्या गाड्यामागून निघून दुसऱ्या रस्त्यानं घरी आले.

दोन दिवसांनी गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरला की आठवडी बाजारात एक बाई विषारी रानभाज्या विकते, सावध राहा. बाजारात ती बसते कुठं, तेही लिहिलं होतं. खाली कोणीतरी विचारलं, "मॅडम, तुम्ही यातल्या जाणकार आहात, काय सांगाल?" मी बराच वेळ फोन हातात धरून बसले. मग लिहिलं, "रानभाज्या खात्रीच्या व्यक्तीकडूनच घ्याव्यात." आणि पुढं हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. त्याला चौदा जणांनी अंगठे दिले.

आजपर्यंत मी जे काही लिहिलं त्यात त्या एका ओळीइतकी लाज मला कशाची वाटत नाही. डॉक्टरांपुढं मी घाबरून बोलले असं तरी म्हणता येईल. ही ओळ मी शांतपणे, खुर्चीत बसून लिहिली होती.

पुढचे दोन बाजार ती आली नाही. तिसऱ्या आठवड्यात मधल्या सुट्टीत शिपायानं सांगितलं की गेटवर एक बाई आली आहे. मी गेले. ती गेटच्या बाहेर लिंबाच्या सावलीत उभी होती. आत या म्हटलं, तर नको म्हणाली.

"तुमी त्या खालाला काय आनून दिलं?" तिनं विचारलं.

मी आधी शिपायाला आत जायला सांगितलं.

"मला दावा कुठून तोडलं ते."

शाळा सुटेपर्यंत ती तिथंच थांबली. मग मी तिला स्कूटीवर मागं बसवून प्लॉटिंगवर नेलं. तिला शोधायला वेळ लागला नाही. वाकून तिनं एक वेल मुळासकट उपटली.

"ही?"

"हो."

"ही न्हवं ती." ती इकडंतिकडं फिरली. बांधाच्या वरच्या अंगाला, कोरड्या जागी, तिला खरी खापरखुटी सापडली. दोन्ही माझ्यासमोर धरल्या. "हिचं पान पातळ हाय बघा, खालून पांढुरकं. अन् हिची फळं पायाला चिकटत्यात. ही दुसरी कोवळी असताना खात्यात काही लोकं. पर म्हातारी झाली का पोट धुऊन काढती. तुमी जून झालेली तोडली." तिनं दोन्ही खाली टाकल्या. "इचारायचं न्हाई का मला?"

"तुम्ही नव्हता त्या दिवशी."

"मंग न्हाई द्यायची."

मी माफ करा म्हटलं. तिनं हाताची माती पदराला पुसली. रागावलेली होती, पण ओरडली नाही.

"कावून माजं नाव घेतलं?" तिनं विचारलं. "म्या तुमचं काय वाईट केलतं?"

तिचं नाव घेतलं कारण ते घेणं सोपं होतं. तिच्या जागी एखादा दुकानदार असता तर मी घेतलं नसतं. हे मला त्या प्लॉटवर उभं असतानाच कळलं, पण तोंडातून निघालं नाही.

"जिभंनं उठिवलंत, जिभंनंच बसवा," ती म्हणाली. "पैली त्या पोराला सांगा. मंग बाजारात सांगा."

"सांगते," मी म्हटलं. "दोन दिवसांत सांगते."

ती हायवेवर जीप पकडायला चालत गेली. सोडायला येते म्हटलं तर ऐकलं नाही.

दोन दिवसांचे आठ झाले. रोज संध्याकाळी मी खालाच्या दाराकडं बघायचे. आज मुलगा दमून आला असेल, आज त्यांच्याकडं पाहुणे आहेत, असं म्हणून पडदा ओढायचे. शेवटी मला खालाच ओढून घेऊन गेल्या असं म्हटलं पाहिजे. त्या दिवशी त्यांनी सुनेबरोबर वाटीभर शेवया पाठवल्या आणि निरोप दिला की मॅडम हल्ली दिसत नाहीत, बरं नाही का. ती वाटी हातात घेऊनच मी रस्ता ओलांडला.

खाला बाजेवर बसल्या होत्या. मुलगा जेवायला बसला होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. भाजी बाजारातली नव्हती, मी तोडली होती, चुकीची तोडली होती, ती बाई त्या दिवशी बाजारात आलीच नव्हती आणि माझी चूक मला त्याच संध्याकाळी कळली होती. बोलताना रडले नाही. रडले असते तर त्यांना माझी समजूत काढावी लागली असती.

मुलानं घास ताटात परत ठेवला. मग म्हणाला, "मॅडम, मी त्या बाईला चार माणसांत उठवलं."

"माहितेय," मी म्हटलं. "मी तिथंच होते."

त्यानं वर बघितलं. "तिथं होता?"

"गाड्याच्या मागं."

तो उठला, हात धुतले आणि बाहेर निघून गेला. ताट तसंच राहिलं. खालांनी मला बस म्हटलं नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मेरा क्या, मैं तो उठके बैठी. उस औरत का रोजगार गया. मेरेकू नक्को बोलो, उसकू बोलो." मग सुनेकडं वळून त्यांनी माझ्या हातातली वाटी घ्यायला सांगितलं.

मुलगा बाजाराची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी मोटारसायकलवर तिच्या वस्तीवर गेला. तिथं काय बोलणं झालं ते त्यानं मला कधी सांगितलं नाही. पण त्याच्या सांगण्यावरूनच ती पुढच्या बाजाराला आली.

मीही गेले. मनात सगळं ठरवून, वाक्यं जुळवून गेले होते. मला वाटलं होतं की मी बोलायला लागले की आजूबाजूचा बाजार थांबेल, माणसं गोळा होतील, त्या दिवशी झाली होती तशी. मी तिच्या पोत्यासमोर उभी राहून मोठ्यानं म्हटलं, "ऐका जरा. या बाईंच्या भाजीनं कोणाला काही झालेलं नाही. चूक माझी होती, मी खोटं सांगितलं." दोघीतिघींनी माना वळवल्या. एक म्हातारी "काय म्हनती ही?" असं विचारून पुढं गेली. कांद्यावाला म्हणाला, "मॅडम, जरा बाजूला उभं ऱ्हावा, गिऱ्हाईक हाय." एवढंच झालं. आरोप करताना जो आवाज बाजारभर गेला होता, तो मागं घेताना दोन पोत्यांपलीकडं पोचला नाही.

ती मान खाली घालून जुड्यांवर पाणी शिंपडत होती. "झालं का?" तिनं विचारलं.

"झालं."

"बरं."

त्या दुपारी मी ग्रुपवरही सगळं लिहिलं, काही न लपवता. अर्ध्या तासात उत्तरं आली. "मॅडम, तुमच्या प्रामाणिकपणाला सलाम." "चूक कबूल करायला मोठं मन लागतं." एकानं फुलांचा गुच्छ पाठवला. तिच्याबद्दल एकानंही एक अक्षर लिहिलं नाही. मी ग्रुपमधून बाहेर पडले, तर कोणीतरी मला परत आत घेतलं.

त्या वर्षी तिच्या रानभाज्या खपल्या नाहीत. ज्यांनी विषारी बाई असं ऐकलं होतं ते सगळे माझं ऐकायला थोडेच आले होते? हळूहळू तिनं त्या आणणंच बंद केलं. आता तिच्या पोत्यावर मेथी, कोथिंबीर, पालक असतो, बाकीच्या बायकांकडं असतो तसाच. तिच्या धाकट्या लेकीचं बाळ आता चालतं, कधीकधी तिच्याबरोबर येतं. खालाचा मुलगा दर बाजाराला तिच्याकडून भाजी नेतो. गरज असो नसो, पिशवी भरून नेतो. खाला माझ्याशी बोलतात, ईदला शीरखुर्मा येतो, दवाखान्यात जायचं असलं की मला सांगतात. पण पाय दुखले तर काय खावं, असं त्या मला विचारत नाहीत, आणि गल्लीतलं दुसरं कोणी विचारलं तर मी सांगते, डॉक्टरांना विचारा.

पुढच्या वर्षी महोत्सवाला पुन्हा बोलावणं आलं. मी म्हटलं, मला नको, या बाईंना बोलवा, मला सगळं त्यांनीच शिकवलं आहे. फोनवरचे साहेब जरा थांबून म्हणाले, "त्यांना स्टेजवर बोलता येईल का?" मी म्हटलं, येईल. मग तिला विचारायला गेले. तिनं ऐकून घेतलं आणि मेथीची जुडी बांधता बांधता म्हणाली, "म्या काय सांगू तिथं? ज्यानं इचारलं त्याला म्या सांगितलंच की." मी आग्रह केला नाही. मला तो करायचा अधिकार उरला नव्हता.

यंदा पाऊस बरा झाला. परवाच्या बाजाराला तिच्या मागं एक वेगळी लहान टोपली दिसली. त्यात एक पालेभाजी होती, बारीक कातरलेल्या पानांची, मी कधी न पाहिलेली. पूर्वी असती तर मी खाली बसले असते आणि वही काढली असती. मी उभ्यानंच विचारलं, "ही कुठली भाजी?"

"ती इकायची न्हाई," ती म्हणाली. "घरच्यासाठी हाय." तिनं फडकं ओढून टोपली झाकली आणि विचारलं, "तुमाला काय देऊ?"

मी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या.